पत्रिकेच्या पुठ्ठ्यावरचा राजा

आमच्या वाईच्या घरातल्या पत्त्यांमध्ये किलवरचा राजा नव्हता. कधी हरवला, कुणी हरवला ते कुणालाच आठवत नाही, मला कळायला लागलं तेव्हापासून त्याच्या जागी लग्नपत्रिकेचा एक जाड तुकडा होता, पत्त्याच्या मापाने कापलेला, आणि त्यावर मामाने काळ्या पेनाने लिहिलं होतं, किलवर राजा. चित्र नाही, मुकुट नाही, नुसते दोन शब्द. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी माजघरात मेंढीकोट रंगायचा तेव्हा हे पान कुणाकडे आलंय ते सगळ्यांना पाठीमागूनच दिसायचं, कारण पाठीवर सोनेरी छपाईतल्या आग्रहाच्या निमंत्रणातली चार-पाच अक्षरं तशीच शिल्लक होती. त्यामुळे या राजाला लपायची सोयच नव्हती. तरी आज्जी तो टाकायची तेव्हा बाकीच्या पानांसारखा भिरकावायची नाही, बोटाने जरा दाबून ठेवायची आणि म्हणायची, "राजा आलाय हो."

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेली दोन-तीन वर्षं मी इटलीतल्या जुन्या टॅरोच्या पानांमध्ये बुडालेय. टॅरो म्हटलं की आपल्याकडे लगेच भविष्य, मेणबत्त्या, यूट्यूबवरचं राशीनुसार रीडिंग वगैरे डोळ्यासमोर येतं, पण ही पानं मुळात भविष्यासाठी बनलेलीच नव्हती, १४४० च्या आसपास उत्तर इटलीत ती खेळायला बनली, आणि भविष्य सांगण्याची खरी लाट आली ती थेट अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये. खेळ आपल्या ओळखीचाच आहे. पानं वाटायची, उतारी करायची, त्याच रंगाचं पान टाकायचं, नसेल तर हुकूम मारायचा, हात कुणाचा झाला ते बघायचं. फरक इतकाच की त्यांच्याकडे हुकमाचा म्हणून वेगळा पाचवा गठ्ठाच होता, चित्रांचा, आणि त्याला ते ट्रियोन्फी म्हणायचे, म्हणजे विजय, विजयाच्या मिरवणुका. इंग्रजीतला ट्रम्प हा शब्द त्याच घराण्यातला. तारोक्की, म्हणजे आपण ज्याला टॅरो म्हणतो ते नाव बरंच नंतरचं, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कागदांमध्ये सापडतं.

सगळे लोक त्या हुकमाच्या चित्रांवरच लिहितात, मृत्यू, चंद्र, प्रेमी, उलटा टांगलेला माणूस. मला मात्र राजांनीच धरून ठेवलं. पेले, नाणी, तलवारी आणि दंड असे चार रंग, प्रत्येकात चौदा पानं आणि सगळ्यात वर राजा. चार राजे, सिंहासनावर बसलेले, हातात आपापल्या रंगाची खूण. इतकं साधं चित्र की लोक त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातात.

पण हे राजे जिथे रंगवले गेले तिथे राजाच नव्हता! मिलानमध्ये ड्यूक, व्हेनिसमध्ये डोज म्हणजे निवडून आलेला प्रमुख, फ्लॉरेन्सचं प्रजासत्ताक, फेरारात एस्ते घराण्याचे मार्क्विस, रोममध्ये पोप. राजा म्हणावा असा राजा खाली दक्षिणेत, नेपल्सला. म्हणजे ज्या कारागिरांनी आणि ज्या घराण्यांनी हे राजे काढून घेतले त्यांच्यासाठी राजा ही रोज दरबारात दिसणारी व्यक्ती नव्हती, ती ऐकलेली, ठरवून घेतलेली, थोडीफार हवीहवीशी वाटणारी गोष्ट होती. ज्याच्या घरात राजा नाही त्याने राजा कसा काढायचा? मामाने लिहून काढला. त्यांनी सोन्यात काढला.

आणि गंमत म्हणजे मामाच्या आधी कितीतरी वर्षं आणखी कुणीतरी तो लिहूनच काढला होता. पत्ते युरोपात आले ते मुसलमानी देशांतून, १३७० च्या दशकात, आणि ते कसे दिसायचे ते आपल्याला कळतं इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातल्या एका सुंदर संचावरून, जो आज इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. त्यातही पेले, नाणी, तलवारी आहेत, आणि चौथा रंग पोलोच्या काठ्यांचा. इटलीत पोलो कुणाला माहीत नव्हता म्हणून काठ्यांचे सरळ दंड झाले. त्या संचातही वरची पानं दरबाराचीच आहेत, मलिक म्हणजे राजा, मग नायब, मग दुय्यम नायब. पण चेहरा एकाचाही नाही. निळ्या-सोनेरी नक्षीमध्ये अक्षरं आहेत, की हा अमुक रंगाचा मलिक. बस. मी पहिल्यांदा हे पान स्क्रीनवर झूम करून बघितलं तेव्हा माझ्या अंगावर अक्षरशः काटा आला, कारण मला तिथे माजघरातली ती पत्रिका दिसली. त्यांची अक्षरं अर्थातच फार देखणी, सोन्याची, आणि आमची बॉलपेनची, पण काम तेच, की बाबांनो हा राजा आहे, आम्ही लिहिलंय म्हणजे आहे.

त्यातल्या तलवारींच्या राजाच्या पानावर कंजिफा असा शब्द लिहिलेला आहे म्हणतात. सावंतवाडीचा गंजिफा ज्यांनी बघितलाय, हातात धरलाय ते गोल पान, त्यांना हा शब्द कुठून कुठे गेला ते सांगायला नको. आपल्या गंजिफ्यातही राणी नाही, राजा आणि त्याचा प्रधान, अगदी मलिक आणि नायबासारखे. दशावतारी गंजिफ्याचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२०, आणि प्रत्येक रंगाचा राजा म्हणजे साक्षात अवतार. आमच्याकडे राजाचा देव झाला, इटलीत राजाला चेहरा मिळाला. एकाच वाटेवरून निघालेल्या पानांचं असं दोन टोकांना जाणं मला फार मोठी गोष्ट वाटते, पण तो विषय स्वतंत्र लिहायचाय, इथे नको.

तर चेहरा. १३७७ मध्येच एका योहानेस नावाच्या जर्मन साधूने पत्त्यांवर लिहून ठेवलंय की चार राजे आहेत, प्रत्येकजण सिंहासनावर बसलाय आणि प्रत्येकाच्या हातात एक खूण आहे. म्हणजे पत्ते युरोपात येऊन काही वर्षं होत नाहीत तोवर राजा बसला, आणि जो बसला तो आजतागायत फारसा उठलेला नाही.

आता मिलानकडे येते कारण माझा जीव तिथे अडकलाय. फिलिप्पो मारिया विस्कोन्ती हा तिथला ड्यूक, १४१२ ते १४४७. या घराण्याची ड्यूक ही पदवी काही फार जुनी नव्हती, त्याच्या बापाने, जान गालेआत्सोने, १३९५ मध्ये सम्राटाकडून ती एक लाख फ्लोरिन मोजून घेतली होती. फिलिप्पोला पत्त्यांचा प्रचंड नाद. त्याचा चरित्रकार देचेंब्रिओ सांगतो की त्याने चित्रांच्या एका संचासाठी १५०० सोन्याची नाणी दिली, आणि तो संच त्याच्या पदरी असलेल्या मार्त्सियानो नावाच्या विद्वानाने योजला होता. त्यात सोळा देव-वीर होते आणि चार रंग चार पक्ष्यांचे, गरुड, फिनिक्स, होले आणि कबुतरं, प्रत्येक रंगाला एक राजा. चित्रं मिकेलिनो दा बेसोत्सोची. ती पानं आज नाहीत. एकही नाही. कबुतरांचा राजा कसा काढला असेल मिकेलिनोने, हा विचार मी कितीदा केलाय सांगता येत नाही, बस किंवा ट्रॅफिकमध्ये अडकले की माझ्या डोक्यात तोच येतो.

पण त्या संचाचं पुढे काय झालं ते ऐका. फिलिप्पो १४४७ मध्ये मेला, मुलगा नाही, मिलानमध्ये गोंधळ, आणि १४४९ मध्ये हा संच मार्चेल्लो नावाच्या एका व्हेनिसच्या सरदाराच्या हाती लागला. त्याने तो भेट म्हणून पाठवला इझाबेल ऑफ लॉरेनला. ही कोण? नेपल्सची राणी. पण कागदावरची! कारण तिचा नवरा रने याने नेपल्सचं राज्य १४४२ मध्येच आरागॉनच्या आल्फोन्सोकडे गमावलं होतं. म्हणजे ज्या शहरात राजा नव्हता तिथे काढलेले चार राजे, एका अशा राणीकडे गेले जिच्याकडे राज्य नव्हतं. तिने ती पानं मांडीवर पसरून बघितली असतील का, राजांच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं असेल का, मला कळायला मार्ग नाही, पण मी जेव्हा जेव्हा या भेटीचा विचार करते तेव्हा मला वाईट वाटतं. सोबतचं मार्त्सियानोचं पुस्तक पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सुखरूप आहे. शब्द राहिले, चित्रं गेली.

जी चित्रं राहिली त्यांत सगळ्यात प्रसिद्ध ती फिलिप्पोच्या जावयाच्या काळातली. फ्रान्चेस्को स्फोर्त्सा, भाडोत्री सैन्याचा सेनापती, तलवारीवर पोट असलेला माणूस, त्याने फिलिप्पोच्या अनौरस मुलीशी, ब्यांका मारियाशी १४४१ मध्ये लग्न केलं आणि १४५० मध्ये मिलान उपाशी पाडून शहर घेतलं, ड्यूक झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधलं त्याचं एक पत्र आहे, खजिनदाराला, की ट्रियोन्फीचे पत्ते पाठव, मिळतील तेवढे चांगले. सत्ता हातात येऊन वर्ष झालं नाही आणि हा माणूस पत्ते मागतोय! मला हे पत्र फार आवडतं.

त्याच्या घराण्याचा म्हणून जो संच ओळखला जातो तो बोनिफाचो बेंबो या चित्रकाराच्या नावावर आहे. ७८ पैकी ७४ पानं आजही आहेत, ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ बेर्गामोच्या कर्रारा अकादमीत, १३ बेर्गामोच्याच एका जुन्या घराण्याकडे. चार हरवली, सैतान, मनोरा, नाण्यांचा स्वार आणि तलवारींची तिर्री. राजे चारही शाबूत! हे वाचलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं होतं.

पान हातभर नाही पण आपल्या पत्त्यापेक्षा खूपच मोठं, साधारण १७ सेंटिमीटर उंच आणि पावणेनऊ रुंद. थरावर थर चिकटवलेला पुठ्ठा, त्यावर गुळगुळीत लेप, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि मग त्या सोन्यावर बारीक ठसे मारून शंकरपाळ्यांसारखी चौकटींची नक्षी उठवलेली. स्क्रीनवर मोठं करून बघितलं की सोनं कुठे कुठे घासलं गेलंय ते दिसतं आणि खालचा तांबूस थर डोकावतो, जुन्या पैठणीच्या काठाची जर उसवली की आतला धागा दिसतो ना तसं. बऱ्याच पानांच्या वरच्या कडेला मध्यभागी एक बारीकसं भोक आहे. कुणीतरी ती टाचणीने भिंतीवर लावली होती. कोण, कधी, कशासाठी, कोणास ठाऊक, पण कुणाला तरी ती रोज समोर हवी होती एवढं खरं.

पेल्यांचा राजा बघा. कोवळा, गोरा, दाढी-मिशीचा पत्ता नाही, अंगावर सोन्याचा घोळदार झगा आणि त्यावर किरणांचे सूर्य, हातात सोन्याचा मोठा झाकणाचा पेला. तो तुमच्याकडे बघत नाही. तो कशाकडेच बघत नाही खरं तर. चेहरा इतका शांत की वाटतं याला अजून कुणी काही विचारलेलंच नाही, कर वसूल झाला का, सीमेवर काय चाललंय, काही नाही. त्याच्या रंगातली राणी, स्वार, गुलाम, सगळ्यांच्या अंगावर त्याच धाटणीचं कापड, लग्नात एका घरच्या सगळ्यांनी एकाच ताग्यातलं शिवून घ्यावं तसं. म्हणजे राजा कोण ते चेहऱ्यावरून ठरत नाही, मुकुट आणि कापडावरून ठरतं. आणि ते सूर्य विस्कोन्तींच्या घराण्याचं चिन्ह. एका राजाच्या अंगावर ड्यूकच्या घराण्याचा सूर्य. मला याचा अर्थ असा लागतो की बेंबोने राजा काढलाच नाही, त्याने घराणं काढलं आणि त्याला मुकुट घातला.

याच संचातला सम्राट मात्र, तो हुकमातला, म्हातारा आहे. पांढरी लांब दाढी, हातात राजदंड आणि पृथ्वीचा गोल, आणि भल्यामोठ्या टोपीवर काळा गरुड. चार तरुण राजे आणि एक म्हातारा सम्राट. हे माझं मत आहे, कुणा अभ्यासकाचं नाही, पण मला वाटतं की बेंबोला सम्राट माहीत होता. खरा सम्राट होताच, आल्प्सच्या पलीकडे, वय झालेली एक संस्था, तिच्याकडून पदवी घ्यायची असते, तिला पैसे द्यायचे असतात. आणि त्या सम्राटाने फ्रान्चेस्कोला ड्यूक म्हणून शेवटपर्यंत रीतसर मान्यता दिलीच नाही. या संचातल्या साध्या आकड्यांच्या पानांवर मध्येच फिती काढल्यात आणि त्यावर विस्कोन्तींचं जुनं ब्रीद आहे, आ बाँ द्र्वा, म्हणजे आमच्या रास्त हक्काने. ज्याचा हक्क सगळ्यांच्या तोंडी वादाचा होता त्याच्या घरच्या पत्त्यांवर हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. खेळताना दर दोन-चार हातांना समोर येत असणार ते. हक्काने. हक्काने.

तलवारींचा राजा वेगळा. तो एकटाच चिलखत घालून बसलाय, हातात तलवार, ढालीवर एक सिंह, डोक्यामागे प्रभावळ असलेला. प्रभावळीचा सिंह म्हटलं की व्हेनिसचा संत मार्कोचा सिंह आठवणारच, आणि फ्रान्चेस्को ड्यूक व्हायच्या आधी व्हेनिसच्या बाजूनेही लढला होता, त्यामुळे हा राजा म्हणजे त्याच्या आयुष्याचा जुना तुकडा आहे की व्हेनिसच्या दोस्तीची आठवण की शत्रूची खूण, यावर कितीही बोलता येईल. मला जास्त लक्षात राहिली ती चांदी. या पानांवर तलवारी आणि चिलखतं चांदीच्या वर्खात होती, आणि चांदीचं जे होतं तेच झालं, ती काळी पडली. पेल्याचं सोनं तसंच लखलखतंय, तलवारीचं पातं करडं-काळं, डागाळलेलं. आपल्याकडे दिवाळीच्या आधी चांदीची भांडी रांगोळीने घासायला काढतात ना, तेव्हा एखादं तसंच राहून गेलेलं निरंजन जसं दिसतं तसं. साडेपाचशेहून जास्त वर्षांत चौघांपैकी जो लढणारा तोच काळवंडला. कुणी ठरवून केलेलं नाही, धातूचा गुण आहे, तरी त्या पानासमोर मी दर वेळी थांबते.

या संचात आणखी राजे आहेत, आणि ते मोजत कुणी नाही. भाग्यचक्राचं पान. मध्ये चाक, चाकावर चार माणसं. एक वर चढतोय, रेग्नाबो, मी राज्य करीन. एक टोकावर बसलाय, रेग्नो, मी राज्य करतोय, आणि त्याला गाढवाचे कान काढलेत. एक खाली घसरतोय, रेग्नावी, मी राज्य केलं. आणि अगदी तळाशी एक म्हातारा रांगतोय, पांढरी दाढी, अंगावर साधे कपडे, सुम सिने रेग्नो, मी राज्याविना आहे. ही कल्पना पत्त्यांची नाही, आधीपासून चर्चच्या भिंतींवर, पोथ्यांमध्ये चालत आलेली, पण चार सोनेरी राजांच्या गठ्ठ्यात ती मिसळली की तिचा रंग बदलतो. पिसताना हे पान त्या पोरसवदा राजांच्या अंगाला लागतच असणार. तळाचा तो म्हातारा बघितला की मला लॉरेनची इझाबेल आठवते. फिलिप्पोचं घराणं आठवतं. नंतरचं माहीत असल्यामुळे फ्रान्चेस्कोचा मुलगाही आठवतो, लुदोविको, ज्याने मिलान गमावलं आणि जो फ्रान्समध्ये कैदेत मेला.

आणि खेळातही तेच आहे. राजा आपल्या रंगात सगळ्यात मोठा, पेले आणि नाण्यांमध्ये आकड्यांचा क्रम उलटा धरायचे तरी राजा वरच. पण हुकूम पडला की संपलं. हुकमातलं सगळ्यात हलकं पान म्हणजे बागात्तो, टेबल मांडून बसलेला रस्त्यावरचा हातचलाखीवाला. तो राजाला मारतो. सगळ्यात हलका हुकूमही राजाला उचलून नेतो, आपल्याकडे हुकमाची दुर्री किलवरच्या राजाला मारते तसाच. मिलानच्या त्या दरबारात ब्यांका मारिया खेळत असताना कुणीतरी रस्त्यावरच्या जादूगाराने तिचा राजा उचलला असेल आणि सगळे हसले असतील. या चित्रांकडे काचेमागची कला म्हणून बघताना ते हसू आपण विसरतो. राजा हे पान जपून टाकायचं पान आहे, हुकूम कुणाकडे किती उरलेत ते मोजून टाकायचं पान. त्याच्यात गुण सगळ्यात जास्त, म्हणूनच त्याच्यावर सगळ्यांचा डोळा.

साधारण १४६५ च्या सुमाराचा आणखी एक संच आहे, मान्तेन्याचे तारोक्की म्हणतात, पण तो मान्तेन्या या चित्रकाराचाही नाही आणि तारोक्कीही नाही, पन्नास छापील चित्रांची मालिका आहे. त्यात पहिली दहा चित्रं म्हणजे समाजाची उतरंड. १ भिकारी, २ नोकर, ३ कारागीर, ४ व्यापारी, ५ सभ्य गृहस्थ, ६ सरदार, ७ डोज, ८ राजा, ९ सम्राट, १० पोप. राजा आठवा! त्याच्या वर दोघेजण. आणि त्याच्या खाली, अगदी लागून, व्हेनिसचा डोज, जो निवडून येतो. मिलानच्या पानांवर जे सोन्याच्या आड झाकलेलं होतं ते इथे आकडा घालून सांगून टाकलंय. मला हा संच तसा रुक्ष वाटतो, पण हा एक आकडा मी विसरू शकत नाही.

आणि एक संच असा आहे की ज्याच्या नावात राजा आहे आणि पानांत नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली सतरा पानं, चार्ल्स सहावा याचा टॅरो म्हणून प्रसिद्ध. कारण १३९२ च्या हिशेबात या फ्रेंच राजासाठी चित्रकार ग्रँगोनरला पत्त्यांच्या तीन संचांचे पैसे दिल्याची नोंद आहे आणि लोक वर्षानुवर्षं धरून चालले की तीच ही पानं. प्रत्यक्षात ती इटलीतली, पंधराव्या शतकातली. उरलेल्या सतरांत सोळा हुकूम आणि एक तलवारींचा गुलाम. चारपैकी एकही राजा उरला नाही.

आता सोला बुस्का. हा संच मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आवडला नव्हता, खरंच सांगते. सोनं नाही, शांतता नाही. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला आणि मग हाताने रंगवलेला, साधारण १४९१ चा, कारण एका पानावर शहराच्या स्थापनेपासूनचं १०७० वं वर्ष असं लिहिलंय आणि व्हेनिसची स्थापना ४२१ धरतात. सगळीच्या सगळी ७८ पानं असलेला सगळ्यात जुना टॅरो. २००९ पासून मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. पिळदार दंड, पंखांची शिरस्त्राणं, रोमन चिलखतं, तिरके वळलेले देह, कुणीच नीट बसत नाही.

पण इथल्या राजांना नावं आहेत. पानावरच कोरलेली. तलवारींचा राजा अलेक्झांडर. नाण्यांचा राजा फिलिप, म्हणजे त्याचा बाप. आणि मग मी बाकीची पानं वाचत गेले आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही. तलवारींची राणी कोण? ओलिम्पिया. अलेक्झांडरची बायको नव्हे, आई! मुलगा राजा आणि आई त्याच रंगातली राणी. बाप फिलिप दुसऱ्याच रंगात, नाण्यांमध्ये, आणि त्याच्या शेजारी राणी म्हणून हेलेना बसवलेली. तलवारींचा स्वार आमोन, म्हणजे आमोन देव. आणि पेल्यांचा स्वार नातानाबो. मध्ययुगात युरोपभर अलेक्झांडरची जी कहाणी सांगितली जायची तिच्यात नेक्तानेबो हा इजिप्तचा पळून आलेला राजा, मांत्रिक, तो आमोन देवाचं रूप घेऊन ओलिम्पियाकडे येतो आणि अलेक्झांडर खरा त्याचा मुलगा. म्हणजे ज्याने हा संच योजला त्याने अलेक्झांडरचं अख्खं घर घेतलं आणि तीन रंगांत वाटून टाकलं. जगासमोरचा बाप एका रंगात. ज्या देवाचं नाव सांगितलं तो मुलाच्याच पदरी, स्वार म्हणून. आणि खरा बाप, राज्य गेलेला राजा, लांब पेल्यांमध्ये, राजा म्हणून नाही तर स्वार म्हणून. पत्ते वाटले की हे घर दर डावाला वेगवेगळ्या माणसांच्या हातात विखुरतं. कधी आई आणि मुलगा एका हातात येतात. कधी फिलिपच्या राजावर कुणीतरी हुकूम मारतं.

तेव्हापासून मला सोला बुस्का मिलानच्या सोन्याइतकाच प्रिय झालाय. बेंबोच्या राजांना नाव नाही म्हणून ते कुणाचेही होऊ शकतात, कुठल्याही घराने आपलं कापड त्यांच्या अंगावर चढवावं. या राजांना नाव आहे म्हणून त्यांना आई आहे, बापाचा घोळ आहे, मरण आहे. आणि या संचात हुकमाचा सम्राटच नाही, चौथ्या हुकमावर मारिओ म्हणून एक रोमन सेनापती आहे. शेवटचे दोन हुकूम म्हणजे निम्रोद आणि नेबुखदनेझर, बाबेलचा मनोरा ज्याच्या नावावर आहे तो आणि बायबलमध्ये ज्याचं राज्य जातं आणि जो बैलासारखा गवत खातो तो. राज्य गमावलेले राजे सगळ्यात वरचे हुकूम! मिलानच्या चाकावर तळाशी रांगणारा म्हातारा इथे टोकाला जाऊन बसलाय.

मागच्या वर्षी मामीने वाईचं घर आवरताना तो पत्त्यांचा डबा मला दिला, आज्जीचा, तपकिरीचा रिकामा डबा असतो ना, तसल्या पत्र्याचा पण मोठा. एक्कावन्न पानं आणि पत्रिकेचा तुकडा. पानांच्या कडा तेलकट, मऊ, पिसायला गेलं की एकमेकांना सोडत नाहीत. तुकडा मात्र ताठ आहे अजून. आपण खेळतो त्या पत्त्यांची चित्रं मूळ फ्रान्समधून इंग्लंडमार्गे आलेली, आणि पॅरिसच्या पत्त्यांवर आजही चार राजांची नावं छापतात. इस्पिकचा डेव्हिड, बदामचा चार्ल्स, चौकटचा सीझर. किलवरचा अलेक्झांडर.

मी तो तुकडा उलटा करून टेबलावर ठेवला. पाठीवरची सोनेरी अक्षरं निम्मी उडालीत, खालचा पुठ्ठा दिसतो, तांबूस. मग सरळ केला. मामाचं अक्षर तेव्हाही किरटंच होतं. राजामधल्या ज चा काना जरा लांब गेलाय, पानाच्या कडेपर्यंत, आणि तिथे आज्जीच्या बोटाचा डाग आहे, ती दाबून ठेवायची तिथेच.